दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को: किलोमीटर वाढले, तास घटले

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर सुमारे 12,400 किलोमीटर भरतं. संकेतस्थळं हाच आकडा देतात. प्रत्यक्षात विमानं यापेक्षा बरीच जास्त वाट कापत आली आहेत.

एअर इंडियाची थेट सेवा 2 डिसेंबर 2015 ला सुरू झाली. त्याआधी हाँगकाँग किंवा फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी विमान बदलणं आलंच. थेट विमानाची पहिली वाट पश्चिमेची, अटलांटिकवरून: सुमारे 13,900 किलोमीटर, साडेसोळा तासांच्या आसपास.

ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने जातानाची दिशाच उलटी केली. बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान आणि पुढे पॅसिफिक. अंतर 15,300 किलोमीटर, वेळ साडेचौदा तास. म्हणजे 1,400 किलोमीटर जास्त उडून विमान दोन तास आधी पोचलं! कारण जेट स्ट्रीम. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वारा जपानच्या आसपास विशेष जोरकस असतो. भागाकार करून पाहा: पूर्वेच्या वाटेवर जमिनीच्या हिशोबाने ताशी सरासरी 1,055 किलोमीटर, पश्चिमेच्या वाटेवर जेमतेम 840. हे विमान तासाला साधारण सात टन इंधन जाळतं. समोरून वारा असला की जादा इंधन घ्यावं लागतं, ते वाहून न्यायलाच आणखी इंधन लागतं आणि शेवटी कात्री लागते ती मालाला, कधी खुर्च्यांनाही. परतीला अटलांटिकवरून पूर्वेकडेच यायचं, त्यामुळे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा होते.

खरी धुसफूस झाली ती ‘जगातली सर्वांत लांब विनाथांबा सेवा’ या दाव्यावरून. त्याच वर्षी सुरू झालेली दुबई–ऑकलंड सेवा दोऱ्याच्या मापाने सुमारे 14,200 किलोमीटरची. कापलेली वाट धरली तर दिल्लीचं विमान पुढे, पण विक्रम मोजताना सहसा शहरांमधलं सर्वांत कमी अंतर धरतात, आणि त्या मापाने दिल्लीची सेवा बरीच मागे पडते. वळसा घेऊन लांबी वाढवायची आणि तिचाच विक्रम मिरवायचा, हे पटण्यासारखं नाही. वाचलेले दोन तास मात्र खरे.

15 ऑगस्ट 2019 ला ध्रुवीय वाट उघडली. किलोमीटर घटले, नवी पथ्यं आली. जेट ए-1 इंधन उणे 47 अंशांना गोठू लागतं. टाकीतलं तापमान त्या मर्यादेच्या तीन अंश अलीकडे येण्याआधीच वैमानिक वेग वाढवतात किंवा कमी थंड थरात उतरतात. दिल्लीहून नाकासमोर उत्तरेला जायचं तर तिबेट आडवा येतो. केबिनमधला दाब गेला तर विमान 10,000 फुटांवर आणावं लागतं, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांना प्राणवायू काही मिनिटांपुरताच पुरतो. तिथली जमीनच त्याहून उंच.

शिवाय वाट रशियावरून जाते. 2022 पासून ते आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद आहे. भारतीय कंपन्यांना खुलं, म्हणून अमेरिकी कंपन्यांची तक्रार. जून 2023 मध्ये इंजिनातल्या बिघाडामुळे दिल्लीहून निघालेलं विमान रशियातल्या मगदानला उतरवलं, तेव्हा प्रवाशांना दुसरं विमान येईपर्यंत तिथेच थांबावं लागलं.

24 एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं. पश्चिमेच्या वाटेला अरबी समुद्रावरून वळसा पडला आणि उत्तर अमेरिकेच्या काही फेऱ्यांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. पूर्वेच्या वाटेत पाकिस्तान मुळात येतच नाही.