शिसे कमी दाखवणारी तपासणी: एका रिकॉलची (सदोष माल परत बोलावण्याची) पार्श्वभूमी

१७ मे २०१७ रोजी अमेरिकेतील एफडीए (औषधे व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी) आणि सीडीसी (रोगनियंत्रण करणारी) या दोन्ही सरकारी संस्थांनी मिळून एक इशारा दिला. मॅसॅच्युसेट्समधल्या मॅगेलन डायग्नोस्टिक्स या कंपनीच्या ‘लेडकेअर’ यंत्रांवर शिरेतून काढलेले रक्त तपासले असेल, तर शिशाचे प्रमाण खऱ्यापेक्षा कमी आलेले असू शकते, असा तो इशारा होता. २०१४ पासूनचे रिपोर्ट एका फटक्यात संशयात आले. अशा तपासणीत १० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आकडा आलेल्या सहा वर्षांखालच्या मुलांची आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांची फेरतपासणी करावी, असे सांगण्यात आले.

हा आकडा दर डेसिलिटर रक्तातला. तो महत्त्वाचा का, हे समजायला थोडे मागे जावे लागते. शिशाची बाधा झालेले मूल बहुधा आजारी दिसत नाही. खाते-पिते, खेळते, बुद्धीवर आणि एकाग्रतेवर झालेला परिणाम दिसू लागतो तो शाळेत गेल्यावर. म्हणून रक्त तपासण्याला पर्याय नाही. अमेरिकेत घरांच्या रंगात शिसे वापरायला १९७८ मध्ये बंदी आली, पण त्याआधी रंगवलेल्या भिंतींचे पापुद्रे आणि धूळ आजही मुलांच्या तोंडात जाते. ‘काळजी करावी’ ही रेषाही खाली सरकत गेली. १९६० च्या दशकात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते असे मानत. १९८५ मध्ये ती मर्यादा २५ झाली, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५. मर्यादा ६० असताना दोन-तीन मायक्रोग्रॅमच्या चुकीने फारसे बिघडत नव्हते. ती ५ वर आली, तेव्हा तेवढ्याच चुकीने मुलाचा निकाल बदलू लागला.

लेडकेअर-२ हे छोटे यंत्र या गरजेतूनच पसरले. बोट टोचून काढलेले दोन थेंब रक्त रासायनिक द्रावात मिसळायचे, पट्टीवर टाकायचे, तीन मिनिटांत आकडा. इलेक्ट्रोडवर शिसे गोळा करून ते पुन्हा सुटताना वाहणारा विद्युतप्रवाह मोजायचा, ही त्यामागची पद्धत. २००६ मध्ये या यंत्राला प्रयोगशाळेच्या कडक नियमांतून सूट मिळाली आणि ते साध्या दवाखान्यांत पोहोचले. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार २०१३ ते २०१७ या काळात अमेरिकेतल्या शिशाच्या निम्म्याहून अधिक रक्ततपासण्या याच यंत्रावर झाल्या. लेडकेअर अल्ट्रा आणि लेडकेअर प्लस ही त्याची भावंडे प्रयोगशाळांसाठी होती.

अल्ट्रा कमी आकडे दाखवते हे कंपनीला जून २०१३ मध्येच, म्हणजे ते बाजारात यायच्या आधीच कळले होते, हे पुढे खटल्यात उघड झाले. यंत्र तरीही विकले गेले. २०१४ मध्ये ग्राहकांच्या तक्रारी आल्यावर कंपनीने तोडगा सुचवला: रक्त द्रावात मिसळून २४ तास ठेवा, मग तपासा. असा बदल करण्याआधी एफडीएची परवानगी लागते. ती घेतलेली नव्हती.

गंमत अशी की शिशाच्या तपासणीत बोटाचे रक्त दुय्यम मानतात. कातडीवरची धूळ मिसळून आकडा वाढू शकतो, म्हणून खात्री करायची तर शिरेतले रक्त घ्यायचे, हा नियम. इथे नेमके शिरेतलेच रक्त दगा देत होते, आणि बोटाच्या रक्ताची तपासणी चालू ठेवायला २०१७ मध्ये हरकत नव्हती. कारण सापडले ते नळीच्या टोपणात. बेक्टन डिकिन्सन कंपनीच्या काही ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या नळ्यांच्या रबरी टोपणात थाययुरम हे रसायन होते. त्यातून गंधकयुक्त वायू सुटतात, ते रक्तात विरघळतात आणि शिशाला घट्ट धरून ठेवतात. धरून ठेवलेले शिसे यंत्राला दिसत नाही. मार्च २०१८ मध्ये या नळ्यांबाबतही रिकॉल निघाला.

हे कंपनीबाहेर कळायला इतकी वर्षे का लागली? माझ्या मते चूक कोणत्या बाजूला होत होती, यातच उत्तर आहे. आकडा जास्त आला की डॉक्टर पुन्हा रक्त काढायला सांगतात आणि चूक पकडली जाते. कमी आला की फाइल बंद. भारतातले एप्रिल २०२० आठवून पाहा. वोंडफो आणि लिव्हझॉन या चिनी कंपन्यांची कोविडची रॅपिड अँटिबॉडी किट्स राज्यांना मिळाली आणि थोड्याच दिवसांत राजस्थानने ती भरवशाची नसल्याचे सांगून वापर थांबवला. २७ एप्रिलला आयसीएमआरने ती परत करायला सांगितले. कंपन्यांनी दोष नाकारला, तो भाग वेगळा. पण तिथे आरटी-पीसीआरने पॉझिटिव्ह ठरलेले रुग्ण समोरच होते, त्यामुळे ताडून पाहणे सोपे होते. ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन घरी गेलेल्या अमेरिकी मुलाचे रक्त दुसऱ्या पद्धतीने कोण तपासणार? शिवाय फेरतपासणी आजचे प्रमाण सांगते. शिशाचा संपर्क तुटला की रक्तातला आकडा काही महिन्यांत उतरतो आणि शिसे हाडांत जाऊन बसते. २०१४ मध्ये खरा आकडा किती होता, हे २०१७ च्या रक्तावरून ठरवता येत नाही.

२०२१ मध्ये दुसरी फेरी झाली. या वेळी तपासणी किट्सच कमी आकडे देत होती. जुलैमध्ये एफडीएने या रिकॉलला ‘क्लास १’, म्हणजे सर्वात गंभीर, ठरवले आणि पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. त्याच ऑक्टोबरमध्ये सीडीसीने मर्यादा ३.५ वर आणली. लेडकेअर-२ मुळात ३.३ च्या खालचा आकडा दाखवतच नाही. नवी रेषा त्याच्या अगदी तळाला येऊन टेकली.

मे २०२४ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून ४ कोटी २० लाख डॉलर भरायचे मान्य केले. त्यातले किमान ९३ लाख डॉलर बाधित रुग्णांच्या भरपाईसाठी राखायचे ठरले.