सुयांचा थर जाड, म्हणून मातीत कार्बन जास्त?

सूचिपर्णी झाडांखाली सुयांचा, म्हणजे सुईसारख्या पानांचा, जाड थर दिसतो, म्हणून तिथल्या मातीत कार्बन जास्त, हा समज चुकीचा आहे. डेन्मार्कमध्ये शेजारीशेजारी लावलेल्या सहा जाती सुमारे 30 वर्षांनी तपासल्या. सूचिपर्णी स्प्रूसखाली वरच्या पाचोळ्याच्या थरात कार्बन भरपूर. रुंद पानांच्या अ‍ॅश, मेपल, लिंडनखाली तो थर जेमतेम. त्यांची कॅल्शियमयुक्त पानं गांडुळं भराभर खाली ओढतात, कार्बन मातीच्या कणांना चिकटतो. आम्लधर्मी सुया मात्र वरच साचतात, आणि वणव्यात आधी तोच थर जातो. भरवसा खालच्या साठ्याचाच.

मोजताना पाचोळा वेगळा काढा, दगड वजा करा. खोली 30 सेंमी, मातीची घनता दर घनसेंमीला 1.2 ग्रॅम, कार्बन 2 टक्के, म्हणजे हेक्टरी 72 टन. घनता न मोजता नुसत्या टक्केवारीची तुलना केली की हिशेब फसतो.