माध्यमिक शाळेतील रसायनशास्त्र (महाराष्ट्र)

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळांत इयत्ता नववी-दहावीला रसायनशास्त्र हा वेगळा विषय नसतो. तो 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या विषयात भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्राच्या सोबतीने शिकवला जातो. बालभारतीने २०१८ मध्ये दहावीसाठी काढलेल्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या भागात मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे अशी चार प्रकरणे या शास्त्राची आहेत. त्याआधी नववीत द्रव्याचे मोजमाप आणि आम्ल, आम्लारी व क्षार येऊन गेलेले असतात. दहावीला दोन्ही भागांच्या लेखी परीक्षा प्रत्येकी ४० गुणांच्या असतात आणि प्रात्यक्षिकाला २० गुण असतात.

मराठी माध्यमाच्या मुलाला या विषयातले बरेचसे पदार्थ घरात आधीच भेटलेले असतात, आणि शिकवण्याची सारी ताकद तिथेच आहे. कॉपर सल्फेट म्हणजे मोरचूद. द्राक्षबागायतदाराच्या घरी तो चुन्यासोबत बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकात पडतो. त्याच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकून ठेवला की खिळ्यावर तांबूस थर चढतो, द्रावणाचा निळा रंग फिका होत हिरवट होतो आणि लोखंडाने तांब्याची जागा घेण्याची ही विस्थापन अभिक्रिया डोळ्यांसमोर घडते. कळीचा चुना पाण्यात खदखदतो, कारण ती संयोग अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते. भिंतीला दिलेला तोच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट होतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. लिटमस नसलेल्या शाळेतही आम्लारी ओळखायला तेवढे पुरते.

धातुविज्ञानातला क्षरणाचा भाग तर थेट स्वयंपाकघरातला आहे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा आंबट आमटी ठेवली की ती कळकते, हे आजीला ठाऊक असते. आंबट पदार्थांतल्या आम्लांमुळे तांब्याची संयुगे तयार होऊन अन्नात उतरतात, हे मूल वर्गात शिकते. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो, तेव्हा त्यातून सुटणारे हायड्रोजन क्लोराइड धातूवरचा ऑक्साइडचा थर काढते आणि कथील नीट बसते. हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे. आता कल्हईवाले क्वचितच दिसतात, म्हणून तर अधिकच.

परिभाषेबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मराठीत मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण अणू आणि अणूंच्या संयोगाने बनतो तो रेणू. हिंदीत मात्र पहिल्याला परमाणु आणि दुसऱ्याला अणु म्हणतात. मराठीतला क्षार हिंदीत लवण होतो, तर हिंदीतला क्षार म्हणजे आपली आम्लारी, विशेषतः पाण्यात विरघळणारी, जिला मराठी पुस्तक अल्क म्हणते. हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करणारी मुले इथे हमखास अडखळतात आणि शिक्षकाने हा फरक पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिला तर पुढचा घोळ टळतो. काही शब्द मात्र शाळेबाहेरही चांगले रुजले आहेत. 'सामू' (pH, म्हणजे आम्ल-आम्लारीपणाचे माप) हा शब्द मातीपरीक्षणाच्या अहवालात असतो आणि शेतकरी तो सहज वापरतात.

मूलद्रव्यांच्या संज्ञा, म्हणजे Na, Fe अशी चिन्हे, मात्र रोमन लिपीतच शिकाव्या लागतात. सोडिअमची संज्ञा त्याच्या नावाशी जुळत नाही, कारण ती नॅट्रिअम या लॅटिन नावावरून आली. लोहाची फेरमवरून. हे कारण सांगितले की पाठांतराचे ओझे बरेच उतरते. आवर्ती वर्गीकरणात न्यूलँड्सची अष्टके येतात, म्हणजे दर आठव्या मूलद्रव्याचे गुणधर्म पहिल्यासारखे, तिथे सरगम कामी येते: सा पासून मोजले की आठवा स्वर पुन्हा सा. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडणी केली आणि न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा मोकळ्या सोडल्या. त्यातल्या गॅलिअम, स्कँडिअम आणि जर्मेनिअमचा शोध पुढे लागला. या प्रकरणाला घाई करू नये, कारण विज्ञान भाकीत कसे करते हे शाळेत इतक्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसते.

प्रयोग मुलांनी स्वतः करणे हा या विषयाचा प्राण आहे. शिक्षकाने टेबलावर एकदा दाखवलेला प्रयोग प्रयोगवहीत उतरतो, पण फुंकर घालून चुन्याची निवळी दुधाळ केलेली मुलगी ती अभिक्रिया सहसा विसरत नाही.

अकरावीला विज्ञान शाखा घेतली की रसायनशास्त्र स्वतंत्र विषय होते आणि शिकण्याची भाषा इंग्रजी होते. अनेक शाळांत आठवीपासून किंवा त्याआधीच विज्ञान व गणित इंग्रजीतून घेतात, त्याला सेमी इंग्रजी म्हणतात. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला मात्र संयुजा, क्षपण, उत्प्रेरक हे शब्द सोडून त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द पहिल्या काही आठवड्यांतच आत्मसात करावे लागतात. प्रयोगशाळेत त्याला अमोनिअम क्लोराइडची बाटली मिळते, तेव्हा हा कल्हईवाल्याचा नवसागर आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवे.