रेड स्नॅपर : मेक्सिकोच्या आखातातील मासेमारीची पार्श्वभूमी

रेड स्नॅपर हा आपल्या तांबोशीच्या कुळातला मासा. पन्नास वर्षांहून जास्त जगतो. १९९६ साली अमेरिकेतल्या लुइझियानासमोर गळाला लागलेला विक्रमी मासा पावणेतेवीस किलोंचा होता.

फ्लोरिडातलं पेन्साकोला हे त्याच्या व्यापाराचं जुनं बंदर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्फ आणि रेल्वेची सोय झाली आणि धंदा वाढला. जवळच्या खडकांवरचे मासे विरळ होत गेले तशा शिडाच्या बोटी पार मेक्सिकोतल्या युकातानसमोरच्या कॅम्पेचे बँक या उथळ समुद्रपट्ट्यापर्यंत जाऊ लागल्या. पुढे कोळंबीसाठी ओढत न्यायच्या ट्रॉल जाळ्यांत स्नॅपरची पिल्लंही मरू लागली. ती निसटावीत म्हणून जाळ्यात वाट ठेवायची सक्ती व्हायला १९९८ उजाडलं.

आखातातल्या मासेमारीसाठी अमेरिकेचा नियोजन आराखडा १९८४ मध्ये आला, व्यापारी कोटा, म्हणजे किती मासा पकडायचा याची मर्यादा, १९९० मध्ये. कोटा सगळ्यांचा मिळून एकच, म्हणून शर्यत लागली. वादळ असो वा नसो, हंगाम उघडला की सगळ्या बोटी एकदम बाहेर. माल एकदम धक्क्यावर येई आणि भाव पडे. २००७ पासून प्रत्येकाला कोट्यातला स्वतःचा हिस्सा मिळाला, तेव्हा ही धावपळ थांबली. त्याच वर्षी व्यापारी माशाची किमान लांबी १५ इंचांवरून १३ वर आणली. हे उलटं वाटेल, पण निर्णय शहाणपणाचा होता: खोल पाण्यातून वर आलेला लहान मासा परत टाकला तरी बहुधा मरतोच.

कारण दाबाचं. मासा झपाट्याने वर ओढला की वाताशयातली, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतली, हवा प्रसरण पावते आणि जठर तोंडातून बाहेर ढकललं जातं. पुष्कळ जण त्यालाच हवेचा फुगा समजून टोचतात, आणि माशाला आणखी इजा करतात. हवा काढायची तर पोकळ सुई छातीच्या पराच्या मागे, खवल्याखालून तिरपी घालायची असते. त्यापेक्षा वजन लावून माशाला परत खाली सोडणं बरं.

हौशी मासेमारांची गोष्ट वेगळी. त्यांचा कोटा सामाईकच राहिला, बोटी वाढल्या, आणि २०१७ मध्ये खासगी बोटींना केंद्र सरकारच्या सागरी हद्दीत आधी तीनच दिवस मिळाले. ओरड झाल्यावर ते वाढवावे लागले. २०२० पासून हंगाम ठरवायचं काम किनाऱ्यावरच्या पाच राज्यांकडे गेलं. जानेवारी २०२२ पासून बोटीवर हवा काढायची सुई किंवा मासा खाली सोडायचं साधन तयार ठेवणं सक्तीचं झालं. त्या साधनाला किमान १६ औंस वजन आणि ६० फूट दोरी हवी, असा तो नियम होता.