ओमाहा भाषेत ‘तोडण्या’साठी किती शब्द?

अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांत प्रत्येक कृतीला निराळा, सुटा शब्द असतो आणि त्यामुळे त्यांत सर्वसाधारण कल्पना मांडताच येत नाही, हा गैरसमज फार जुना आहे. नेब्रास्काच्या ईशान्य भागातील ओमाहा लोकांच्या भाषेची क्रियापदे पाहिली की तो टिकत नाही. ‘दासे’ म्हणजे दातांनी तोडणे, ‘मासे’ म्हणजे सुरीने कापणे (आपल्या माशांशी संबंध नाही), ‘गासे’ म्हणजे घाव घालून तोडणे. तिन्हींत ‘से’ हा तुटण्याचा धातू एकच असून आधीचे अक्षर फक्त साधन सांगते. मराठीत जे काम ‘दातांनी’, ‘सुरीने’ यांतली तृतीया करते, ते तिथे क्रियापदाच्या पोटातच उरकते. ‘दा’ हा उपसर्ग तोंडाचा. त्यातला ‘द’ खरे तर ‘द’ आणि ‘ल’ यांच्या मधला, देवनागरीत नीट न मावणारा उच्चार आहे. हे तोंड केवळ चावत नाही, कारण ‘मोजणे’ या अर्थाच्या ‘दावा’ या क्रियापदाच्या आरंभीही तेच ‘दा’ दिसते. १८९० साली अमेरिकन भाषाअभ्यासक जेम्स ओवेन डॉर्सी यांनी प्रसिद्ध केलेल्या, ओमाहा आणि तीच भाषा बोलणाऱ्या पोंका लोकांच्या कथासंग्रहात अशी रूपे पानोपानी भेटतात.