जी६पीडी कमतरता आणि शाळेची लॅब

लाल पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवणारं जी६पीडी हे एन्झाइम (जुन्या पुस्तकांत विकर) जन्मतः कमी असलेल्या मुलांना लॅबमधल्या ठरावीक रसायनांपासून लांब ठेवावं लागतं, नाहीतर त्यांच्या लाल पेशी फुटतात. जीन एक्स क्रोमोसोमवर असतं, म्हणून त्रास मुख्यतः मुलग्यांना होतो.

भारतातल्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक मुंबईचीच, १९६३ ची, पारशी समाजातली. नंतर साधारण १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात सापडलेल्या या कमतरतेच्या प्रकाराला ‘कल्याण’ नाव दिलं गेलं, पुढे डीएनए तपासल्यावर तो आधी वर्णन केलेल्या ‘केरळ’ प्रकाराशी जुळला, दोन्हीत या जीनच्या ९४९ व्या जागी जी या डीएनए-अक्षराचा ए झालेला. म्हणून आता केरळ-कल्याण असं जोडनाव चालतं. काही जण त्यावरून मूळ कुठलं ते ठरवायला जातात, पण नाव फक्त सापडल्याची जागा सांगतं असं धरलेलं बरं. भारतात याशिवाय मेडिटरेनियन आणि ओरिसा हे प्रकार जास्त दिसतात.

लॅबमधला खरा खलनायक नॅप्थलीन, म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्याच. संप्लवन किंवा वितळणबिंदूच्या प्रयोगात तो तापवला की वाफ नाकात जाते. संप्लवनाला नवसागर चालतो (वाफ त्याचीही हुंगू नये), वितळणबिंदूला स्टिअरिक ॲसिड. ज्युनियर कॉलेजात ॲनिलिन, नायट्रोबेंझिन, फिनाइलहायड्राझिन येतात, ही कातडीतूनही शिरतात, तेव्हा ग्लोव्हज घातले की झालं असं नाही, त्या मुलाला तो प्रयोग देऊच नये. मेथिलीन ब्लू (स्लाइडवर पेशी रंगवायचा निळा रंग) औषध म्हणून वर्ज्य आहे, स्लाइडवरच्या थेंबाची भीती मात्र जरा जास्तच घातली जाते, नुसतं तोंडात जाऊ नये एवढं बघावं.

घोळ असा की लक्षणं लगेच दिसत नाहीत. प्रॅक्टिकल सोमवारी, आणि बुधवारी पोरगा घरी कोऱ्या चहासारखी लघवी करतो, डोळे पिवळे, जिना चढताना धाप, आणि पावसाळा असेल तर घरचे म्हणतात कावीळ नाहीतर मलेरिया! मलेरियावरचं प्रायमाक्विनही अशा मुलाला घातक ठरू शकतं. याच औषधामुळे १९५६ च्या सुमारास ही कमतरता ओळखली गेली. अशी लघवी दिसली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं आणि लॅबमध्ये काय हाताळलं ते डॉक्टरांना सांगायचं. त्या दिवसांत केलेली जी६पीडीची टेस्ट नॉर्मल येऊ शकते, कारण जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि नव्यांत एन्झाइम जास्त असतं, म्हणून साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करतात.

शाळेत हे कळतं ते ॲडमिशनच्या फॉर्मवर पालकांनी लिहिलं तरच, आणि तो फॉर्म ऑफिसात राहतो, लॅबच्या सरांपर्यंत जात नाही.