पार्श्वभूमी : सागावरची अळी आणि फवारणीचा वाद

किनवट-माहूरच्या डोंगरात भर पावसाळ्यात साग खराट्यासारखा उघडा पडला, की ‘औषध मारा’ ही मागणी पुढे येते. या मागणीमागचे बहुतेक आकडे केरळातल्या लागवडींचे आहेत. किनवट नांदेड जिल्ह्यातले. तिथले वन केरळासारखे दमट नाही, कोरड्या पानगळीचे, वाढीचे दिवस पावसापुरते. हा फरक चर्चेत कायम सुटतो.

साग असा उघडा पाडणारी अळी हिब्लेआ प्युएरा या पतंगाची; त्याची शास्त्रीय नोंद १७७७ ची. पुढचे पंख मातकट, मागचे काळे आणि त्यांवर नारिंगी-पिवळे पट्टे. अळी कोवळ्या पानाची कड कातरते, दुमडून रेशमाने चिकटवते आणि त्या घडीत लपून पान खाते. जाड शिरा तेवढ्या उरतात. अनुकूल हवेत साधारण दोन आठवड्यांत ती खाली पालापाचोळ्यात कोषात जाते.

विमानातून फवारणी करण्याचा निर्णय याच दोन आठवड्यांवर अडतो. १९६५ मध्ये केरळात कोन्नीला आणि १९७८ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या बारनवापाऱ्यात तो प्रयोग झाला. पण झाडे उघडी पडल्यावर परवानगी, विमान, औषध जमवेपर्यंत बरीचशी अळी खाली उतरलेली असते. मग विष पडते ते तिला खाणाऱ्या पक्ष्यांवर आणि तिच्यावर जगणाऱ्या परजीवी कीटकांवर. माझ्या मते हा मार्ग मुळातच चुकीचा होता.

फवारणीच्या बाजूने नेहमी एक आकडा दिला जातो : केरळातल्या निलंबूरच्या कोवळ्या लागवडीत अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीत ४४ टक्के घट आढळली. अभ्यास चोख आहे, पण तो दमट हवेतल्या लागवडीचा. तोच आकडा किनवटच्या डोंगराला लावता येत नाही. झाड सहसा मरत नाही, त्याला पुन्हा पालवी फुटते; नुकसान होते ते वाढीचे.

पुढे केरळातच दोन गोष्टी हाती आल्या. पहिल्या सरींच्या सुमारास प्रादुर्भाव लहान लहान पट्ट्यांत सुरू होतो आणि तिथून पसरतो. शिवाय या अळीला मारणारा एक विषाणू सापडला, त्यापासून फवारा तयार झाला. म्हणजे लक्ष ठेवायचे ते त्या सुरुवातीच्या पट्ट्यांवर.

पावसाळ्याच्या शेवटी साग तपकिरी दिसतो, तेव्हा काम बहुधा दुसऱ्याच पतंगाचे असते : युटेक्टोना मशेरॅलिस. त्याची अळी बारीक शिरासुद्धा सोडते, पानाची जाळी फांदीवरच राहते. ती पाने थोड्याच दिवसांत गळणार असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी फवारणीचा खर्च करण्यात अर्थ नाही.